आर्डिथ व्होबोरिलचं फाटक

नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत माणूस पारखायची आमची एक पद्धत आहे. त्याला पिकअपमध्ये शेजारी बसवायचं आणि कुरणात न्यायचं. फाटक आलं की गाडी चालवणारा जागचा हलत नाही. शेजारच्यानं उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी पलीकडे गेली की ते लावायचं आणि मुकाट्यानं परत येऊन बसायचं. फाटक कसलं, दोन-तीन काठ्यांवर ताणलेल्या काटेरी तारा. त्याला ना कडी ना कुलूप. खांबाला खांदा लावून सगळा भार टाकायचा आणि वरून तारेचा फास काठीवर अडकवायचा. नव्या माणसाचा सदरा फाटतो, तळहात सोलवटतात, अब्रू जाते ती वेगळीच. पण त्या वेळी खरं बघायचं ते चालवणाऱ्याकडे. शेजारच्यावर विश्वास असेल तर तो आरशात मागं बघत नाही.

मर्ल ओस्टरगार्ड प्रत्येकाच्या वेळी बघायचा. पाहुणा असो, पाद्री असो, स्वतःची बायको असो. "मला पुरतील तेव्हा पेटीचं झाकण नीट लागलंय का, तेही हा आरशातूनच बघेल," असं त्याची बायको व्हर्ना चारचौघांत म्हणायची, आणि मर्ल त्यावर हसायचासुद्धा नाही. ऐंशीच्या घरातला हा डॅनिश म्हातारा आमच्याकडचा सगळ्यांत मोठा रँचवाला होता. त्याच्याकडे वासरांना मालकीचा डाग द्यायच्या दिवशी तीन काउंट्यांतली माणसं जमत. तो कुणाला मत देणार हे त्यानं कधी सांगितलं नाही, पण तो कुणावर नाराज आहे हे मात्र दुपारपर्यंत सगळ्यांना कळायचं.

आर्डिथ व्होबोरिल मूळची इथली नव्हे. ती पूर्वेकडच्या मक्याच्या मुलखातली, चेक शेतकऱ्याची मुलगी. विशीत ती इथल्या एका खोलीच्या शाळेत मास्तरीण म्हणून आली. मुलं मूठभर, आणि त्यातली निम्मी एकाच घरची. शाळेच्या पवनचक्कीचा पंप बिघडला म्हणून लॅम्बर्ट व्होबोरिल तो दुरुस्त करायला आला आणि पंप दुरुस्त झाल्यावरही येत राहिला. लॅम्बर्ट बोलायचा कमी. लग्नाची मागणी त्यानं कशी घातली असं कुणी विचारलं की आर्डिथ सांगायची, "म्हणाला, आमच्या घरचा पंपपण जुना झालाय. मी समजून घेतलं."

पुढं राज्य सरकारनं एका फटक्यात अशा सगळ्या शाळा बंद केल्या. मुलांना तास-तास गाडीत बसून शहराच्या शाळेत जावं लागणार होतं. आर्डिथ राज्याच्या राजधानीत जाऊन भांडली, अर्ज केले, साहेबांच्या दारात बसली आणि हरली. शाळेला टाळं लागलं त्या दिवशी ती घरी येऊन रडली नाही. तिनं काउंटीच्या मंडळाच्या निवडणुकीचा फॉर्म भरला. जो माणूस आपल्या घरापासून लांब बसतो, त्याच्या हातात आपलं पोर, आपली जमीन आणि आपलं पाणी देऊ नये, हे तिचं राजकारण त्या टाळ्यापासून सुरू झालं. बाकी सगळं त्यालाच फुटलेल्या फांद्या.

वॉशिंग्टनला ती पहिल्यांदा गेली ती गुरंवाल्यांच्या संघटनेनं पाठवली म्हणून. वसंतात आमच्या सखल कुरणांत पाणी साठतं, त्या डबक्यांवर केंद्राचा कायदा लागू करायचं घाटत होतं. समितीपुढं बोलायला तिला पाच मिनिटं दिली होती. वेळ संपली, समोरचा दिवा लाल झाला. अध्यक्षांनी बोटानं दिवा दाखवला. "दिसला मला," आर्डिथ म्हणाली. "माझ्या डबक्यात बेडूक किती ते तुम्ही इतक्या लांबून मोजायला निघालात, मग मला आणखी चार वाक्यं ऐकायला काय जातं?" आणि तिनं ती चारही वाक्यं सावकाश पूर्ण केली. तो तुकडा आमच्याकडच्या प्रत्येक फोनवर फिरला. त्याच वर्षी आमचे जुने प्रतिनिधी निवृत्त झाले, आणि रिपब्लिकन पक्षाच्या बैठकीत, चर्चच्या तळघरात, मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "त्या बेडूकवालीला उभी करा!"

अशी आर्डिथ प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीला उभी राहिली.

नोव्हेंबरची खरी निवडणूक आमच्या भागात नुसता सोपस्कार असतो. रिपब्लिकन उमेदवार झोपून राहिला तरी निवडून येतो. खरी झुंज मे महिन्यातली, पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवणाऱ्या प्रायमरीची. तिच्यासमोर होता टकर हॅलस्टेड, ओमाहा शहरातला वकील. देखणा, बोलायला गोड, खिसा भरलेला, आणि डोक्यावर इतकी नवी टोपी की दुकानाचा वास येत होता. दोघांची मतं जवळजवळ सारखीच. कर कमी, बंदुकीला हात लावू नका, देशाची सीमा बंद, खर्चाला चाप, बापाच्या पश्चात जमिनीवर कर नको. गर्भपाताला दोघांचाही विरोध. हॅलस्टेड त्यावर भाषण करायचा. आर्डिथ फक्त आपल्या धाकट्या मुलीची गोष्ट सांगायची. ती सातव्या महिन्यात जन्मली तेव्हा बुटाच्या खोक्यात मावत होती आणि आता त्याच इस्पितळात नर्स आहे. ऐकणाऱ्यांतल्या काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं, काहींना ते उत्तर मुळीच पटायचं नाही, आणि आर्डिथ दोघांनाही कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव, खायला द्यायची. जर्दाळू भरलेले तिचे कोलाचे सगळ्या पक्षांना चालत.

न पटणाऱ्यांत पहिली तिची मैत्रीण, गुरांची डॉक्टर हायडी क्रुस्मार्क. काउंटीत डेमोक्रॅट आणखीही असतील, पण मोठ्यानं सांगणारी ही एकटी.

"सरकार नको म्हणतेस," हायडी एकदा कॅफेत म्हणाली, "आणि टपालकचेरी बंद करणार म्हटल्यावर सगळ्यांत आधी बोंब कुणी ठोकली? रस्ता हवा, टपाल हवं, इस्पितळ हवं. मग नको ते काय?"

"रस्ता हवाच गं. रस्त्यात उभं राहून मी कुठं जायचं ते सांगणारा नको."

"आणि ते मांसाच्या चार बड्या कंपन्यांना सरकारनं वेसण घालावी म्हणतेस, ते?"

"चोराला धरायला पोलीस लागतातच की."

"बरं झालं, तू आमच्या पक्षात नाहीस," हायडी म्हणाली. "तू आम्हाला बोलूच दिलं नसतंस."

आर्डिथच्या प्रत्येक भाषणाचा शेवट एकच असायचा. "आमच्याकडे ज्यानं त्यानं आपलं फाटक लावायचं असतं. सगळ्यांनी आपापलं फाटक लावलं, तर वॉशिंग्टनला आपल्या अंगणात यायचं कारणच उरत नाही." लोक यावर टाळ्या पिटायचे. तिच्या पाट्यांवरसुद्धा फाटकाचंच चित्र होतं.

पक्षातल्या हितचिंतकांनी तिला एक सल्लागार दिला होता, ब्रॅडली व्हिटकॉम. वॉशिंग्टनचा, चाळिशीचा, आपल्या कामात वाकबगार. त्यानं कित्येकांना निवडून आणलं होतं. एप्रिलच्या सुरुवातीला त्यानं ठरवलं की मर्लच्या कुरणात गुरांबरोबर आर्डिथची जाहिरात करायची. मर्लनं परवानगी दिली, आणि हॅलस्टेडनं मागितली तेव्हा त्यालाही दिली. "दोघांनाही एकच माप," तो म्हणाला. योगायोगानं दिवसही एकच आला. हॅलस्टेडची मंडळी सकाळी येऊन गेली, आर्डिथ दुपारी.

परतताना आर्डिथ गाडी चालवत होती, व्हिटकॉम शेजारी. फाटक आलं, तो उतरला. तेवढ्यात रेडिओवाल्यांचा फोन आला आणि आर्डिथ बोलण्यात गुंतली. तो परत येऊन बसला, तेव्हा तिनं फोनवर हात ठेवून विचारलं, "लागलं ना?" तो म्हणाला, "लागलं." ती निघाली. आरशात बघायचं तिच्या मनातही आलं नाही.

त्या फाटकाच्या एका बाजूला मर्लचे वळू होते आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या पहिलटकर होणाऱ्या कालवडी. मर्ल त्या दिवसांत रँचच्या दुसऱ्या टोकाला गाई विण्याच्या धामधुमीत होता. आठवड्यानं तो तिकडे फिरकला तेव्हा फाटक आडवं पडलेलं आणि वळू कालवडींत मजेत हिंडत होते. वळू सोडायचे ते जूनमध्ये, म्हणजे वासरं वसंतात होतात, गवताच्या तोंडावर. आता ती होणार होती जानेवारीत. आमच्याकडचा जानेवारी म्हणजे थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते. ओलं वासरू तासभर उघड्यावर राहिलं तर गेलंच म्हणायचं.

मर्ल कॅफेत आला, टोपी काढली नाही आणि म्हणाला, "माझं फाटक कुणीतरी उघडं टाकलं." बस्स, एवढंच. पुढचं गावानंच ठरवलं. ओमाहाचा वकील, चकाकते बूट, नवी टोपी! आणखी कोण असणार? हॅलस्टेडनं जीव तोडून सांगितलं की मी फाटक लावलं होतं, माझ्या हातांनी लावलं होतं. लोक ऐकून घेत आणि कॉफीत साखर ढवळत. पेट्रोलपंपावर त्याच्याशी कुणी हवापाण्याचंही बोलेना. त्याच्या पाट्या एकेक करून कुंपणांवरून उतरल्या आणि तिथं आर्डिथच्या लागल्या, त्याच फाटकाचं चित्र असलेल्या.

आर्डिथनंही पहिल्यांदा तेच मानलं. पण तिच्या मनाला चैन पडेना. हॅलस्टेड रडकुंडीला येऊन बोलत होता, आणि खोटं बोलणारी पोरं तिनं शाळेत पुष्कळ पाहिली होती. ती अशी दिसत नाहीत. एका सकाळी तिनं व्हिटकॉमला सरळ विचारलं.

"त्या दिवशी आपण बाहेर पडताना फाटक लागलं होतं ना?"

व्हिटकॉमचा चेहरा पडला. "मॅडम, ते मला लागेचना. मी दोनदा जोर लावला. तुम्ही फोनवर होतात. मग मी ते खांबाला टेकवून ठेवलं. म्हटलं, राहील तसंच."

"आणि मला 'लागलं' म्हणालात?"

"लाज वाटली."

आर्डिथ खुर्चीत बसली. तिला भयंकर राग आला होता, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच होता.

"आता माझं ऐका," व्हिटकॉम म्हणाला. तो परत सल्लागार झाला होता. "प्रायमरीला दोन आठवडे उरलेत. हॅलस्टेड घसरतोय. आपण कुठं खोटं बोललोय? आपल्याला कुणी विचारलेलंच नाही. तुम्ही निवडून या, मग काय ते म्हाताऱ्याचं नुकसान भरून द्या. आज बोललात तर तुमचं घोषवाक्यच तुमच्या अंगावर येईल. मोठ्या शहरांतली मतं गेली म्हणून समजा."

तो जे बोलत होता त्यात चूक काही नव्हतं. आर्डिथला हरायचं नव्हतं. शाळेच्या वेळी हरली होती तेव्हापासून ती एका दाराच्या बाहेर उभी होती, आणि आता कुठं ते दार किलकिलं झालं होतं. गप्प बसायचं तर तिला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं.

त्याच आठवड्यात हायडीनं मर्लच्या कालवडी तपासल्या आणि निकाल सांगितला. बहुतेक सगळ्या गाभण. औषध टोचून गर्भ पाडता येईल, असं तिनं सुचवलं, तर मर्ल म्हणाला, "राहिलंय ते राहू दे. जन्माला येऊ देत. बघू आम्ही दोघं म्हातारे."

"दोघं म्हातारे" हे ऐकल्यावर आर्डिथला रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी मर्लकडे डाग द्यायचा कार्यक्रम होता. सकाळी कोलाचे भाजून होईपर्यंत तिनं लॅम्बर्टला सगळं सांगितलं. व्हिटकॉमचं म्हणणं सांगितलं, मतांचं सांगितलं, स्वतःचा राग सांगितला. लॅम्बर्टनं शांतपणे कॉफी संपवली.

"गाडी कुणाची होती?" त्यानं विचारलं.

"आपली."

"चालवत कोण होतं?"

"मी."

लॅम्बर्टनं कप धुऊन पालथा घातला आणि कोलाच्यांच्या परड्या गाडीत नेऊन ठेवल्या. त्याच्या लेखी विषय संपला होता.

मर्लच्या गुरांच्या वाड्यात सकाळी धूळ, धूर आणि वासरांचा आरडाओरडा. घोडेस्वार वासराच्या मागच्या पायांत दोर टाकून त्याला ओढत आणतात. मग दोघांनी ते धरायचं असतं. एकानं पुढं मानेवर गुडघा द्यायचा, दुसऱ्यानं मागं बसून वरचा पाय ओढून धरायचा. मग लस, मग डाग, की वासरू मोकळं. जोडीशिवाय हे काम होत नाही.

आणि हॅलस्टेड आला होता. हे मानायला हवं की त्याच्यात दम होता. नवी टोपी घरी ठेवून, साधे कपडे घालून तो आला आणि वासरू धरायला पुढं झाला. त्यानं मान पकडली. मागचा पाय धरायला कुणीच आलं नाही. वासरानं त्याला लाथ हाणली आणि ते सुटून पळालं. दुसरं आलं, तेव्हाही तेच. पंचवीस-तीस माणसं उभी होती, पण प्रत्येकाला त्या घटकेला दोर गुंडाळायचा होता, नाहीतर बूट झटकायचा होता. हॅलस्टेड धुळीत गुडघे टेकून बसला होता, ओठ फुटलेला, आणि कुणाकडेच बघत नव्हता.

आर्डिथ कठड्यावरून हे बघत होती. साठीला आलेली बाई, सांधे कुरकुरणारे. तिनं जाकीट काढून लॅम्बर्टच्या हातात दिलं, आत गेली आणि तिसरं वासरू आलं तसं त्याच्या मागच्या बाजूला बसली. बुटाची टाच खालच्या पायाला लावली, वरचा पाय दोन्ही हातांनी ओढून धरला.

"मान सोडू नका, हॅलस्टेड," ती म्हणाली.

मर्ल लालभडक सळई घेऊन आला. वाकणार तेवढ्यात आर्डिथ मोठ्यानं बोलली. शाळेतला आवाज होता तो, मागच्या बाकापर्यंत जाणारा.

"मर्ल, यानं तुमचं फाटक लावलं होतं. उघडं राहिलं ते माझ्याकडून. आमची गाडी सगळ्यांत शेवटी बाहेर पडली. चालवत मी होते. मी मागं बघितलं नाही."

घोडेस्वारांनी घोडे थांबवले. हॅलस्टेडनं मान वर केली, पण वासराची मान सोडली नाही. मर्ल सळई हातात धरून उभा राहिला. वासरू मात्र ओरडतच होतं.

"इतके दिवस माहीत होतं?" मर्लनं विचारलं.

"आठवडा झाला. आधीच यायला हवं होतं."

तेवढ्यात कठड्यावरून व्हिटकॉम आत उतरला. कोट घातलेला, तोंड पांढरं पडलेलं. "ते फाटक मी लावलं नाही, साहेब. यांना मी खोटं सांगितलं."

"तू गप," मर्ल म्हणाला. "पाहुण्याकडून चुकतंच. मी विचारतोय त्याला आणणाऱ्याला." तो आर्डिथकडे वळला. "माझ्या कालवडी जानेवारीत विणार. त्याचं काय?"

"मी येईन. सगळ्या विऊन होईपर्यंत राहीन."

"निवडून आलीस तर जानेवारीत तुझी शपथ असणार."

"शपथ घेऊन येईन."

"आणि वॉशिंग्टनचं काय?"

"वॉशिंग्टनचं माझ्यावाचून इतकी वर्षं चाललं," आर्डिथ म्हणाली. "आणखी थोडे दिवस चालेल."

कुणीतरी हसलं, पण मर्ल हसला नाही. त्यानं वाकून वासराला डाग दिला, सरळ झाला आणि म्हणाला, "सळई थंड होतेय. पुढचं आणा." मग व्हिटकॉमकडे सळई रोखून, "आणि तू, कोटवाल्या, आजचा दिवस त्या पलीकडच्या फाटकावर. प्रत्येक खेपेला उघडायचं, प्रत्येक खेपेला लावायचं."

दुपारपर्यंत आर्डिथ आणि हॅलस्टेड यांची जोडी मोडली नाही. जेवणाला चिली, म्हणजे मांस-घेवड्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल होते. या दोन गोष्टी आम्ही एकत्रच खातो, आणि ज्याला ते विचित्र वाटतं त्यानं आमच्याकडे मत मागायला येऊ नये. व्हिटकॉमच्या हातांची पार सालटी निघाली होती, पण शेवटच्या खेपेला त्यानं फास एका दणक्यात अडकवला आणि फाटकाशी जमलेल्या पोरींनी शिट्ट्या वाजवल्या.

पुढचे दिवस काही सोपे गेले नाहीत. हॅलस्टेडच्या पाठीराख्यांनी लगेच जाहिरात काढली. "जिला शेजाऱ्याचं फाटक लावता येत नाही, ती देशाची सीमा काय बंद करणार?" हॅलस्टेडनं ती थांबवायला सांगितली म्हणतात, पण जाहिरातीमागची थैली त्याची नव्हती, त्यामुळे शब्दही चालला नाही. महामार्गावरच्या मोठ्या गावांत ती जाहिरात लागली. आर्डिथच्या पाट्या तिथं उतरल्या. व्हिटकॉम आकडे बघायचा आणि कागद पालथा ठेवायचा. आर्डिथनं मात्र भाषणाचा शेवट बदलला. "आमच्याकडे ज्यानं त्यानं आपलं फाटक लावायचं असतं," ती म्हणायची, "आणि राहिलं, तर जाऊन सांगायचं असतं. वॉशिंग्टनमध्ये ही दुसरी गोष्ट कुणाला जमताना मी तरी पाहिलेलं नाही." टाळ्या आधीपेक्षा उशिरा यायच्या, पण वाजल्या की थांबायच्या नाहीत.

मतदानाच्या दिवशी टेकड्यांतली माणसं अशी बाहेर पडली, जशी ती फक्त आग लागल्यावर पडतात. लांबलांबच्या रँचवरून गाड्या आल्या. रिपब्लिकन प्रायमरीत मत फक्त त्या पक्षात नोंद असलेल्यांनाच देता येतं, म्हणून हायडीनं मुदतीच्या आत आपली नोंद बदलून ठेवली होती. केंद्राबाहेर ती आर्डिथला म्हणाली, "आज एका दिवसापुरती मी तुमच्यातली झाले. घरी जाऊन अंघोळ करणार आहे."

"कोलाचे ठेवलेत गाडीत," आर्डिथ म्हणाली. "अंघोळीनंतर खा."

सकाळी रेडिओनं निकाल सांगितला तेव्हा आर्डिथ कोंबड्यांना दाणे टाकत होती. मोठ्या गावांत ती हरली होती. टेकड्यांनी ते सगळं भरून काढून वर तिला पुढं नेलं होतं. लॅम्बर्ट दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की तिला सांगावं लागलं नाही. मग त्यानं आयुष्यातलं सगळ्यांत लांब भाषण केलं. "पंप," तो म्हणाला, "चांगला निघाला." आर्डिथनं दाण्यांची बादली तिथंच टाकली आणि ती मोठमोठ्यानं हसत सुटली, मग रडली, आणि कोंबड्यांची चंगळ झाली.

हॅलस्टेडचा फोन दुपारी आला. "मिसेस व्होबोरिल, अभिनंदन. खरं सांगू? तुम्ही मागचा पाय धरलात, तेव्हाच मला कळलं होतं."

"मान चांगली धरता तुम्ही," आर्डिथ म्हणाली. "पुढच्या वर्षीपण या."

नोव्हेंबर अपेक्षेप्रमाणे गेला. जानेवारीत तिनं हात वर करून शपथ घेतली. लॅम्बर्टनं लग्नातला कोट घातला होता, आणि तो अजून अंगाला बसत होता. कालवडींचे दिवस भरत आल्याचा हायडीचा निरोप आला, तशी आर्डिथ विमानात बसली. पक्षाच्या नेत्यांच्या कचेरीतून विचारणा झाली की नव्या सभासद पहिल्याच महिन्यात गेल्या कुठं. व्हिटकॉम आता तिच्या कचेरीचा प्रमुख झाला होता. त्यानं उत्तर दिलं, "मॅडम कालवडीपाशी आहेत." आणि फोन ठेवला. ही गोष्ट तो पुढं सगळ्यांना सांगायचा.

मर्लच्या गोठ्यात तिनं दिवसामागून दिवस काढले. पहिलटकर कालवडी अरुंद, वासरं मोठी. कोपरापर्यंत हात घालून, पायांना साखळी लावून ओढून काढायची, नाकातला चिकटा पुसायचा, गोणपाटानं चोळायची, आणि कान गोठू नयेत म्हणून व्हर्नानं शिवलेल्या कानटोप्या घालायच्या. व्हर्नाच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी एका वेळी तीन-तीन वासरं झोपलेली असत. दोन गेली. बाकीची जगली. प्रत्येक जगलेल्या वासरागणिक आर्डिथला शपथेच्या दिवशी झाला होता त्याहून जास्त आनंद व्हायचा, आणि हे तिनं व्हर्नाला बोलूनही दाखवलं.

शेवटची कालवड कळपातून फुटून लांबच्या कुरणात, वाऱ्याच्या आडोशाला गेली होती. भर दुपारी समोरचं दिसू नये असा बर्फ उडत होता. मर्लनं पिकअप काढली, आर्डिथ शेजारी बसली. ते फाटक आलं, तेच.

ती उतरली. फास गोठून दगड झाला होता. तिनं तो हातोडीच्या दांड्यानं सोडवला, फाटक ओढून बाजूला केलं आणि गाडी पलीकडे गेली. मग तिनं फाटक परत आणलं, खांबाला खांदा लावला. वारा तिला मागं लोटत होता. पहिल्यांदा फास निसटला. तिनं पाय रोवले, सगळा भार टाकला, आणि फास काठीवर बसला. तिनं एकदा हलवून बघितलं. मग गाडीकडे वळली.

बाजूच्या आरशावरचा बर्फ मर्लनं निघतानाच पुसला होता. त्या स्वच्छ आरशात तिला त्याची टोपी दिसली. टोपी सरळ पुढं, बर्फाकडे, कालवड होती त्या दिशेला वळलेली होती. ती चालत आली, दार उघडलं, आत बसली, तरी टोपी हलली नाही.

"लागलं," धापा टाकत आर्डिथ म्हणाली.

"मी विचारलं का?" मर्ल म्हणाला, आणि त्यानं गाडी पुढं काढली.